घरातले दाणे, रानातला संप

१९०० साली, व्हिक्टोरिया राणी हयात असताना, इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एक खटला आला. त्याच्या दोन वर्षे आधी, १८९८मध्ये, साउथ वेल्समधल्या कोळसा खाणी एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत बंद होत्या. मर्थिर टिडफिल या खाणगावात गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने काम थांबलेल्या खाणकामगारांच्या घरांना सार्वजनिक निधीतून मदत दिली. त्या निधीत खाण कंपनीचाही कर जात होता. आपल्याशी भांडणाऱ्या कामगारांना आपल्याच पैशांनी पोसले जाते, ही तिची तक्रार होती. न्यायालयाने असे ठरवले की काम मिळत असून ते न करणाऱ्या धडधाकट माणसाला ही मदत देता येणार नाही, त्याच्या बायकोमुलांना मात्र देता येईल. एका घरात एका चुलीवर शिजणारे अन्न कायद्याने दोन भागांत वाटले. निर्दोष भुकेचा एक भाग आणि स्वतः ओढवून घेतलेल्या भुकेचा दुसरा. ही वाटणी व्हिक्टोरिया राणीबरोबर संपली नाही. संप करणारा बाप असतो आणि उपाशी राहतात ती पोरे, हे वाक्य सव्वाशे वर्षांनंतरही प्रत्येक संपाच्या वेळी ऐकू येते, आणि नंदुरबार जिल्ह्यात शेतमजुरांच्या संपांच्या वेळीही तोच आक्षेप पुढे आला.

संपात घरे उपाशी राहतात, हे खरेच आहे आणि ते झाकण्यात कोणाचेच भले नाही. पण ही भूक संप निर्माण करतो, हे मला मान्य नाही. काम थांबल्यावर आठव्या दिवशी ज्या घरात पीठ संपते, त्या घराची मजुरी काम चालू असतानाही आठ दिवसांपुरतीच असते. संप ती गोष्ट उघड करतो. म्हणून संपातल्या हालांचा विचार करताना संप पुकारला कोणी, एवढेच विचारून भागत नाही. काम थांबल्यावर घरात दाणे कुठून येतात, आणि मालकाला किती दिवस थांबता येते, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. नंदुरबारमधल्या शहादा-तळोद्याच्या पट्ट्यातला अनुभव या दोन प्रश्नांची उत्तरे मुंबईच्या गिरणीसंपांपेक्षाही स्पष्ट देतो.

आधी विलायतेकडे थोडे पाहू, कारण संपातल्या घरांबद्दलची आपली बरीचशी भाषा तिथून आली आहे. लँकेशरमधल्या प्रेस्टन गावात १८५३च्या शरद ऋतूत गिरणीमालकांनी टाळेबंदी केली. पूर्वी कापलेली दहा टक्के मजुरी परत द्या, एवढीच कामगारांची मागणी होती. शेजारच्या गिरणीगावांतून दर आठवड्याला वर्गणी येई, तीवर घरे चालत. चार्ल्स डिकन्स १८५४च्या जानेवारीत तिथे जाऊन आला. त्याच सुमारास एलिझाबेथ गॅस्केलने ‘नॉर्थ अँड साउथ’ ही कादंबरी लिहिली आणि संपात मोडून पडलेल्या बाउचर या कामगाराच्या घराला तिच्यात जागा दिली. तो संप मे १८५४मध्ये हरला. उलट लंडनच्या गोदी कामगारांचा १८८९चा संप महिनाभरात जिंकला. तासाला सहा पेनी ही मागणी त्यांनी पदरात पाडून घेतली. निर्धार दोन्हीकडे सारखाच होता. फरक पडला तो ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सुमारे ३०,००० पौंडांच्या मदतीमुळे, आणि ऐन भुकेच्या दिवसांत ती पोहोचल्यामुळे. शिवाय जहाजांतला माल धक्क्यावर अडकून पडला होता, त्यामुळे मालकांचा धीरही लवकर सुटला. प्रेस्टनच्या मालकांना अशी घाई नव्हती. बाजार मंदावलेला होता आणि त्यांना थांबणे परवडत होते.

संप हे पोट भरलेल्यांचे काम आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर द्यायला विलायतेला जावे लागत नाही. १८७६-७७च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती. जानेवारी १८७७मध्ये व्हाइसरॉयचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापून दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, इतक्यावर आणली. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी धान्य. त्यावर हजारो मजुरांनी कामे सोडली. गणेश वासुदेव जोशी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. घरात काहीही नसलेल्या माणसांनी, इलाख्यातल्या सर्वांत भुकेल्या माणसांनी केलेला हा संप होता. त्यांचा हिशेब साधा असणार. जे अन्न मिळते त्यापेक्षा ते मिळवायला लागणारी ताकद जास्त असेल, तर कामावर जाणे हीच उपासमार ठरते. उपाशी माणूस संप करत नाही ही समजूत त्या जानेवारीत खोटी ठरली, आणि ज्यांना पोटाचा प्रश्न म्हणजे काय हे शिकायचे आहे त्यांनी दुष्काळी कामांवरचा हा संप गिरण्यांच्या संपांइतक्याच आस्थेने वाचायला हवा.

आता शहादा. १ जुलै १९९८ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला; २०११च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती आणि तिच्यातले ६९ टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या काठापर्यंतची शहादा-तळोद्याची काळी जमीन खानदेशातली सर्वांत सकस म्हणावी अशी. या जमिनीचा मोठा भाग एकेकाळी भिल्लांच्या हातात होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कर्ज, गहाणखत आणि लेखी कागदांच्या वाटेने तो निसटत गेला, आणि ज्या कुटुंबांची शेते होती ती त्याच शेतांत सालदार झाली. सालदारकीचा करार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरतो. वर्षभराचे साल, त्यातले काही धान्याच्या रूपाने, काही रोख, आणि लग्न किंवा आजारपणाला घेतलेली उचल त्यातूनच वळती. बाकीची माणसे निंदणी, कापसाची वेचणी, दादर ज्वारीची कापणी अशी रोजंदारी करत. त्यात बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी. या रचनेत मालकच धान्याचे कोठार असतो आणि मालकच सावकार. त्याच्याशी भांडायचे म्हणजे ज्याच्याकडून उसने आणायचे त्याच्याशीच भांडायचे. गिरणीकामगाराला निदान वाण्याचे दुकान वेगळे होते.

मे १९७१मध्ये पाटीलवाडीत धान्यलुटीच्या आरोपावरून भिल्लांवर हल्ला झाला, गोळ्या झाडल्या गेल्या, आणि हा प्रदेश महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत आला. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातले कार्यकर्ते तेव्हा सर्वोदयाच्या कामात होते. त्यांच्या भोवती ग्रामस्वराज्य समिती उभी राहिली, १९७२च्या जानेवारीत शहाद्यात भूमुक्तीचा मेळावा झाला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर, विजय कान्हेरे असे शहरांतून आलेले तरुण आणि वाहरू सोनवणे यांच्यासारखे तिथलेच तरुण तिच्यात होते. गेलेल्या जमिनी परत मिळवणे, सालदारांचे साल आणि रोजंदारांचा रोज वाढवणे, आणि पीक संरक्षण सोसायट्यांच्या रखवालदारांची दांडगाई थांबवणे, ही तिची कामे होती. मजुरीसाठी गावोगाव संप झाले.

या संपांचा काळ पाहा. १९७२-७३ हे महाराष्ट्राच्या दुष्काळाचे वर्ष. शेतात काम नाही, विहिरी कोरड्या, रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी. अशा वर्षात मजूर मालकापुढे वाकतो, असा सर्व जगाचा अनुभव आहे. इथे तो वाकला नाही. माझ्या मते त्याचे मोठे कारण रस्त्याच्या कडेला होते. सरकारने दुष्काळी कामे काढली होती, आणि मे १९७३मध्ये राज्यभरात त्या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, मुलांना सुकडी. मजुरी कमीच होती आणि हप्ता मिळायला उशीर होई. पण ती मजुरी देणारा गावातला मालक नव्हता. खडीच्या कामावर जाणाऱ्या बाईला कोणाच्या उसन्या पायलीवर अवलंबून राहावे लागत नव्हते. लंडनच्या गोदी कामगारांसाठी ऑस्ट्रेलियाच्या पैशाने जे केले, तेच इथे मुकादमाच्या हजेरीपटाने केले.

या सोयीला पुढे कायद्याचे रूप मिळाले. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५मध्ये जो प्रयोग केला होता त्यातून रोजगार हमी योजना निघाली. तिचा कायदा १९७७चा, अंमल २६ जानेवारी १९७९पासून. काम मागेल त्याला काम, आणि खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. मुंबईचा गिरणीकामगार दर महिन्याला पगारातून जो व्यवसाय कर कापून देत होता, त्यातला काही भाग तळोद्याच्या मजुराच्या घरात पोहोचत होता. आपल्या कामगार चळवळीच्या इतिहासात या धाग्याला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. मर्थिर टिडफिलच्या निकालाशेजारी हा कायदा ठेवून पाहावा. तिथे आधी विचारले जाई, काम असताना का सोडलेस? इथे कायदा ते विचारत नाही. घरातली माणसे दोषी आणि निर्दोष अशी वाटण्याची गरजच उरली नाही. श्रमिक संघटनेने हमीची कामे काढून घेण्यासाठी मोर्चे काढले यात म्हणूनच नवल नाही. तो तिच्या मजुरीच्या लढ्याचा पाया होता. बागायतदारांना मजूर मिळत नाहीत, ही तक्रार हमी योजनेविरुद्ध वारंवार झाली. ती तक्रारच मला या युक्तिवादाचा सर्वांत मोठा पुरावा वाटते.

दुसरा प्रश्न मालकाच्या धीराचा. पिकलेले शेत थांबत नाही. दादर कापायला आली, कापूस फुटला, की आठ-दहा दिवसांत माल घरात यावा लागतो. पाऊस, पाखरे, गळ यांना संपाची वाटाघाट समजत नाही. त्यामुळे शेतमजुराचा संप बेताने काढला तर थोड्या दिवसांत निकाली निघतो. मात्र त्याला एक अट आहे. शेजारच्या गावातून किंवा वरच्या डोंगरातून मजूर आणता येता कामा नयेत. एका गावाचा संप म्हणूनच व्यर्थ असतो, आणि शहादा-तळोद्यात संघटना गावोगाव नेण्याचा जो खटाटोप झाला त्याचा अर्थ इथे कळतो. ज्या गावी संघटना पोहोचली तिथून संपमोडे मजूर येत नसत, संप लवकर मिटे आणि घरांना कमी दिवस सोसावे लागे. घरांची भूक कमी करणारी दुसरी गोष्ट म्हणजे संपाची रुंदी.

यातच १९७३च्या दारूविरोधी लाटेची जागा आहे. त्या वर्षी शहाद्याच्या बायकांनी शिबिरांतून उठून गावोगाव दारूची मडकी फोडली. ही घटना बहुतेक वेळा स्त्रीमुक्तीच्या इतिहासात सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. पण तिला मजुरीच्या लढ्याशी जोडून वाचले पाहिजे. वाढून आलेला रोज गुत्त्यावर जात असेल तर वाढ घरात येत नाही आणि पुढच्या संपासाठी दाणा साठत नाही. संपाचे ओझे कोणावर पडते हे बायकांना पुरुषांपेक्षा जास्त माहीत होते. जळण, पाणी, मोहाची फुले, रानभाजी, माहेरचे दोन पायली धान्य, हे सारे जमवून काम थांबलेले दिवस त्याच काढत. त्यांनी संपाला विरोध केला नाही. त्यांनी घराची गळती बंद करायला घेतली. बायकामुलांचा कळवळा दाखवून संपाला नावे ठेवणाऱ्यांनी बायकांचे हे म्हणणे ऐकून घ्यायला हवे होते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला असा की पुढारी उपाशी राहत नाहीत, आणि शहाद्याचे पुढारी तर बाहेरून आलेले, शिकलेले होते. शिराळकर पवईच्या आयआयटीतले इंजिनिअर होते, हे खरे. पण त्यांनी पुढचे आयुष्य नंदुरबारच्या मजुरांत काढले, मार खाल्ला, तुरुंग भोगला, आणि २०२२मध्ये जाईपर्यंत ते त्याच कामात राहिले. अंबरसिंग आणि वाहरू तर तिथलेच. तरीही हा आक्षेप मी व्यक्तींच्या त्यागावर उडवून लावणार नाही, कारण त्याच्यात एक खरा भाग आहे. संप सुरू करणाऱ्याने घराघरातले दाणे मोजलेले असले पाहिजेत. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणीकामगार संपावर गेले. १९२८चा सहा महिन्यांचा संप त्यांच्या वडिलांनी काढला होता, तो वाण्याच्या उधारीवर, युनियनने वाटलेल्या धान्यावर आणि गावाकडच्या शेतीवर. १९७३च्या ४२ दिवसांच्या संपात खानावळवाल्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि त्या स्वतः कर्जात बुडाल्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते त्यातूनच. १९८२मध्ये या सगळ्या आधारांची ताकद संपून गेली तरी संप चालू राहिला, कारण मालक थांबू शकत होते. भिवंडीचे यंत्रमाग कापड विणत होते आणि जुन्या गिरण्यांच्या जमिनी गिरण्यांपेक्षा मोलाच्या झाल्या होत्या. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. ज्या घरांनी तेव्हा भांडी विकली, मुलींच्या शाळा सोडवल्या, त्यांच्या हालांची काही जबाबदारी नेतृत्वावर येते, असे मला वाटते. मात्र त्यातून निघणारा धडा संप करू नये हा नसून, घराचा धीर आणि मालकाचा धीर मोजल्याशिवाय तो लांबवू नये, हा आहे.

दुसरा आक्षेप अर्थशास्त्राचा आहे: सिंचन आले, ऊस आला, पुरुषोत्तमनगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा मजुरी आपोआप वाढलीच असती, मग हाल कशाला? सुबत्ता खाली झिरपते हे खरे असते तर मुंबईच्या गिरण्यांत ते आधी दिसले असते. तिथली पहिली गिरणी १८५०च्या दशकातली. तीस-पस्तीस वर्षे धंदा वाढत गेला आणि तेवढ्या काळात कामगाराला आठवड्याची एक सुट्टीही झिरपली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून अर्ज, सभा, निवेदने चालवली. एप्रिल १८९०च्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन बायका बोलल्या. मग जून १८९०मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. जिथे मजूर वर्षाच्या कराराने आणि कर्जाने बांधलेला आहे, तिथे मालकाची वाढलेली मिळकत त्याच्यापर्यंत पोहोचायला रस्ताच नसतो. तो रस्ता मागणीने पाडावा लागतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. शहादा-तळोद्यात सगळे मोठे बागायतदार नव्हते. चार-पाच एकरांचा कोरडवाहू शेतकरी, त्यात आदिवासी शेतकरीही, कापणीच्या वेळी मजुरी वाढली की अडचणीत येतो. त्याची कणगीही मजुराच्या कणगीपेक्षा फार भरलेली नसते. याला पूर्ण उत्तर नाही. जमीन परत मिळवून देणारा १९७४चा कायदा, जो १ नोव्हेंबर १९७५पासून अमलात आला, त्याने काही मजुरांना पुन्हा शेतकरी केले, तेव्हा हा ताण एकाच भावकीत आला. एवढे म्हणता येते की लहान शेतकऱ्याला मारणारी गोष्ट कापसाचा भाव आणि कर्ज ही जास्त, दहा दिवसांचा वाढीव रोज कमी. पण ही तुलना त्याच्या त्या वर्षाच्या तोट्याची भरपाई करत नाही, आणि मजुरांच्या चळवळीने त्याच्याशी आधी बोलून घ्यावे, ही अपेक्षा रास्त आहे.

आणि आता तो भाग, जिथे संपच होत नाही. दर हंगामाला अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूरकडच्या टोळ्या दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात. यान ब्रेमान या डच अभ्यासकाने १९७०च्या दशकात बारडोलीच्या ऊसतोडीचा अभ्यास केला. खानदेशातून हजारो मजूर का आणले जातात, तिथले हळपती हे भूमिहीन मजूर मात्र बाहेर का जातात, या प्रश्नाचे त्याचे उत्तर असे की परक्या मजुराला ताब्यात ठेवणे सोपे असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायको आणि बहुधा एखादे पोर. पावसाळ्यात, घरात काहीच नसताना, मुकादमाकडून उचल. पडावावर पंधरवड्याची खावटी, तीही हिशेबात वळती. आणि मजुरीचा हिशेब हंगाम संपल्यावर. म्हणजे फेब्रुवारीत कोयता खाली ठेवला तर नोव्हेंबरपासूनची सारी कमाई मालकाच्या हातात अडकलेली. इथे संपाचा खर्च आठ दिवसांचा रोज नसून सहा महिन्यांचे घर आहे. या पडावांवर संप नाहीत म्हणून हाल नाहीत, असे कोणी म्हणेल का? संपाविना चाललेली ही सहा महिने उघड्यावरची ऊसतोड, शाळा सुटलेली पोरे, उसाच्या फडात गेलेली बाळंतपणे, हीच संपाच्या हालांशी करायची खरी तुलना आहे.

उलट महाराष्ट्राच्या बाजूचा ऊसतोड मजूर हंगाम सुरू होण्याआधी, गावातच, कोयता बंद करतो, म्हणजे संप करतो. उचल तेव्हा घरात आलेली असते. ती कर्ज असते, पण संपाच्या पंधरा-वीस दिवसांत तीच त्याचा धान्यसाठाही असते, आणि कारखान्याची धुराडी पेटायची वाट पाहत असतात. जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला. गुजरातमध्येही मजुरांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मागणी लावून धरल्यावर डिसेंबर २०२२मध्ये सरकारने किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. दर दुप्पट झाला, हंगामाअखेरच्या हिशेबाची रीत मात्र मोडली नाही. कारखान्याच्या फाटकाच्या आत बॉयलरवर काम करणाऱ्या कामगाराला महिन्याच्या महिन्याला पगार द्यावाच लागतो. वेतनाचा कालावधी एका महिन्यापेक्षा जास्त असू नये, हा १९३६च्या कायद्याने घालून दिलेला नियम आहे. फाटकाबाहेर, त्याच कारखान्याचा ऊस तोडणाऱ्या धडगावच्या जोडप्याला हीच महिन्याची शिस्त लागू करणे ही नंदुरबारच्या आमदार-खासदारांनी गुजरात सरकारपुढे मांडायची पहिली मागणी आहे, आणि ती दरवाढीच्या आधीची आहे.